चमचाभर चहा

हेमांगी साळुंखेची पहिली चूक अशी झाली, की ती एकटीच आत गेली.

मिरजेत कृष्णाघाटाच्या रस्त्याला तिच्या आईचं घर. चष्म्याच्या दुकानातून सुटली, की हेमांगी आधी तिथे डोकवायची, आईला भाजी-भाकरीचा डबा द्यायची आणि मग पलीकडच्या गल्लीत आपल्या घरी जायची. त्या संध्याकाळी पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने हाक मारली, चपला काढल्या आणि सरळ आत गेली. शेजारच्या वाघमोडे काकू नंतर हळहळत म्हणाल्या, की दार उघडं दिसल्यावर आम्हाला हाक मारायची होतीस गं, चौघं मिळून गेलो असतो.

काकूंचं काही चुकत नव्हतं. अलीकडे सगळे तसंच करायचे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने दार उघडलं नाही, तर शेजारीपाजारी आधी गल्ली गोळा करायचे आणि मगच कडी वाजवायचे. मयताला पहिल्यांदा पाहणारा एकटा नसावा, एवढी अक्कल लोकांना आली होती. रस्त्याकडेला कुणी पडलेलं दिसलं तरी माणसं मान फिरवून पुढे जात. ती काही एकाएकी निर्दय झाली नव्हती. ती छायेला भीत होती, बाकी काही नाही.

छाया म्हणजे पोलिसांकडचं नवं यंत्र. नवं कसलं, येऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडी ते नवंच राहिलं. खून झालेल्या खोलीत एक तिपाई उभी करायची. तिच्यावरचा कॅमेरा गोल फिरून भिंती, भांडी, धूळ, डाग सगळं टिपायचा, आणि शेजारची नळी हवेतले आणि वस्तूंवरचे रासायनिक अंश ओढून घ्यायची. त्यावरून तिथे काय घडलं आणि कुठल्या क्रमाने घडलं, हे छाया जुळवायची. मग त्या कृतींचे दोन ढीग करायची. गुन्हा करायला जे करावंच लागतं, ते एका ढिगात. जे केलं नसतं तरी चाललं असतं, ते दुसऱ्या. तिचा सगळा भर या दुसऱ्या ढिगावर. गरज सगळ्यांची सारखीच असते, पण गरज नसताना माणूस जे करतो त्यात त्याचा स्वभाव उघडा पडतो, असं ती बनवणाऱ्यांचं म्हणणं. त्यावरून ती न पाहिलेल्या गुन्हेगाराचं चित्र काढायची: बाई की पुरुष, वय काय, मयताशी नातं कसलं, राग कशाचा. मग मयताच्या आजूबाजूची माणसं एकेक करून त्या चित्राशेजारी उभी करायची आणि कोण किती जुळतं, ते टक्क्यांत सांगायची.

ऐकायला चोख वाटतं. पण छाया शिकली होती ती उलगडलेल्या खटल्यांवर. जे कधी सापडलेच नाहीत, त्यांच्याबद्दल तिला ओ की ठो कळत नव्हतं. आणि सापडलेल्यांत 'मीच आधी पाहिलं हो' म्हणत पोलिसांकडे आलेले बरेच निघाले होते, म्हणून पहिल्या पाहणाऱ्यावर तिचा खास डोळा. नातेवाईक किती रडले, कधी रडले, आवाज किती कापला, हेही ती मोजायची. त्यामुळे लोक मयताच्या घरी जरा मोठ्यानेच रडू लागले होते.

हेमांगी रडली नाही. ही तिची दुसरी चूक. ती दगड होऊन बसली होती. पोलीस आले, तिपाई उभी राहिली, कॅमेरा गरगर फिरला, आणि ती आईच्या पायांकडे बघत होती. आईच्या पायाचे अंगठे जुन्या साडीच्या काठाने एकमेकांना बांधलेले होते.

शैलजाबाई ढवळे, निवृत्त शिक्षिका, गल्लीत सगळ्यांच्या बाई. डोक्याला मागून मार लागला होता. हातातल्या सोन्याच्या बांगड्या गेल्या होत्या, कपाट उघडं होतं. चोर शिरला असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बाई चटईवर नीट उताण्या झोपवलेल्या होत्या. डोळे मिटलेले, केसांतलं रक्त ओल्या फडक्याने पुसलेलं, हात छातीवर, अंगावर गळ्यापर्यंत शाल. आणि स्वयंपाकघरात चहाचं पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलेलं. छायेचा दुसरा ढीग पहिल्यापेक्षा खूप मोठा झाला.

चौकशी पोलीस निरीक्षक शबाना मुजावर यांच्याकडे होती. मुजावर वाईट नव्हत्या. हेमांगीला त्यांनी पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि छायेने काढलेलं चित्र सरळ सांगून टाकलं. पन्नाशीच्या आसपासची स्त्री. मयताच्या घरात रोज वावरणारी. बरीच वर्षं देखभाल करून दमलेली. मयतावर जीव, आणि त्याच जिवावर राग. हातून घडून गेल्यावर जबर पस्तावा, म्हणून ती सगळी आवराआवर. बांगड्या आणि कपाट हा चोरीचा बनाव.

हेमांगीने ऐकून घेतलं. अशी बाई असते खरी, तिला वाटलं. डबा द्यायला जायचा कंटाळा आल्याचे दिवस तिला आठवले. एकदा आई इन्सुलिन घ्यायला नको म्हणाली तेव्हा तिने सिरिंज आपटली होती, तेही आठवलं. चित्र काही अगदीच खोटं नव्हतं.

घरात दुसऱ्या कुणाचे ठसे, केस, त्वचेचे कण काही सापडलं का, असं तिने विचारलं. मुजावर म्हणाल्या, तुमचे आणि तुमच्या भावाचे घरभर आहेत, पण ते घरच्यांचे म्हणून धरत नाहीत. कधी पडले ते कुणाला सांगता येतं? ते खरं होतं. धनंजय घर सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली, तरी त्याची शाल आई पांघरायची, त्याच्या कपात चहा प्यायची, त्याचा कंगवा आरशापाशी तसाच होता. बाकी एक अनोळखी अर्धवट ठसा पुढच्या दारावर होता, पण दार काय, पोस्टमनही ढकलतो.

मग मुजावरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"तुमच्या आईंना डायबेटीस होता ना?"

"हो."

"मग गेल्यावर त्यांच्या तोंडात साखरेचा चहा कुणी घातला?"

वडील गेले ते दवाखान्यात. शेवटच्या दिवशी चहा द्या, चहा द्या म्हणत होते, आणि डॉक्टर नको म्हणत होते. ते गेल्यावर आई, हेमांगी आणि धनू असे तिघंच जिन्यात बसले होते. रडून रडून थकल्यावर आई एकदम म्हणाली होती, की मी गेले की गंगाजल-बिंगाजल काही नको रे, चमचाभर चहा घाला तोंडात, आणि साखर घालून घाला. मेलेल्या माणसाला कसली आलीय शुगर! तिघंही तिथे, त्या जिन्यात, वेड्यासारखे हसले होते. ते चौथ्या कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

म्हणजे धनू आला होता.

धनूच्या नावावर जुना गुन्हा होता. मार्केट यार्डात भांडण झालं आणि त्याने वजनाचं माप एकाच्या डोक्यात घातलं होतं. तो लपून बसला होता, आणि कुठे बसलाय ते पोलिसांना आईनेच सांगितलं. शिक्षा भोगून आला तो थेट कोल्हापूरला गेला, मालाची गाडी चालवू लागला आणि आईशी पुन्हा बोलला नाही. डोक्यातला वार, जुना राग, सहा वर्षांचा अबोला. तो त्या घरात होता एवढं नुसतं कळलं असतं, तरी छायेने त्याला गिळलंच असतं.

"माहीत नाही," हेमांगी म्हणाली.

उत्तर द्यायला तिने किती वेळ घेतला, ते टेबलावरच्या यंत्राने नोंदवलं. जुळणी ऐंशीच्या पुढे सरकली. ऐंशीच्या पुढे गेलं की पायात कडं घालायचं, असा कायदाच होता. काळं, पातळ, घोट्याभोवती बसणारं कडं. घर, दुकान आणि ठाणं, यांच्या बाहेर जायचं तर आधी विचारायचं. सोळा तारखेला मॅजिस्ट्रेटपुढे सुनावणी होती. तोवर दुसरं काही पुढे आलं नाही, तर कोठडी.

घरी कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही. नवरा, मंगेश, एमआयडीसीत फोरमन, सरळ माणूस. वकील त्यानेच बघितला, ठाण्याच्या खेपाही त्यानेच घातल्या. फक्त तो सकाळी तिच्या आधी उठू लागला आणि स्वतःचा चहा स्वतः करून घेऊ लागला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, चहाच्या पातेल्याला त्याने कधी हात लावला नव्हता. तुला तेवढाच आराम, असं म्हणाला. हेमांगीने दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी केलेला कप ओट्यावर तसाच राहिला, साय धरली, आणि दुपारी तिने तो मोरीत ओतला. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सगळं काचेपलीकडे चाललंय, अशी ती वावरत होती.

मुलीचा, सानिकाचा, पुण्याहून रोज फोन यायचा. एके दिवशी पोर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग अगदी मायेने म्हणाली,

"आई, आजी तुला खूप त्रास द्यायची का गं?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. त्याहून वाईट होतं ते. तिने मनातल्या मनात आईला माफही करून टाकलं होतं. नाही गं, एवढंच हेमांगी म्हणाली आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

आणि धनू? धनू कळवल्याबरोबर कोल्हापूरहून आला होता. अग्नी त्यानेच दिला. ढसाढसा रडला. छायेने त्याचं रडणंही मोजलं, आणि त्याची जुळणी तिशीच्या आतच राहिली. गुन्हा जुना, राग जुना, पण त्या दुपारी त्याचा फोन आणि गाडी दोन्ही इथल्याच मार्केट यार्डात माल उतरवण्याच्या रांगेत उभे होते. शिवाय चित्र बाईचं होतं. तो दिवस करायला आईच्याच घरी राहिला होता. हेमांगीच्या नजरेला नजर मात्र देत नव्हता.

दहाव्याला सगळे घाटावर जमले. हेमांगीने तिथे यायची परवानगी मागून घेतली होती. पिंड ठेवला, लोक मागे सरले. कावळा काही शिवेना. मामा, मावश्या, चुलते अंतर राखून उभे होते, आणि हेमांगीभोवती तर चार माणसं मावतील एवढी जागा मोकळी होती. कुणी तरी पुटपुटलं, की म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय. बोलणाऱ्याने हेमांगीकडे न बघण्याची फार काळजी घेतली.

धनू पायरीवर पाण्याकडे तोंड करून बसला होता. मुंडण केलेलं डोकं, खांद्यावर पंचा. हेमांगी जाऊन त्याच्याशेजारी बसली. कितीतरी दिवस ती हा प्रश्न मनात घोळवत होती, आणि आता तो अगदी साधेपणाने तिच्या तोंडून आला.

"साखर घातली होतीस ना?"

धनूने मान वर केली नाही. पाण्याकडे बघतच म्हणाला, "दोन चमचे."

मग तो हळू आवाजात सांगत गेला. गाडी खाली व्हायला वेळ होता. फोन गाडीतच टाकून तो नदीकडच्या वाटेने चालत निघाला. का निघाला, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. परसातून आत आला, तर आई ओट्यापाशी पालथी पडलेली. हात लावला तर गार. तो ओरडला नाही. ओरडला असता तर गल्ली जमली असती, आणि पहिला पाहणारा तो, तोही एकटा, तोही त्याच्यासारखा. थांबवत नव्हतं, आणि आईला तशी टाकून जाववतही नव्हतं. म्हणून केस पुसले, चटईवर घेतली, पाय बांधले, चहा टाकला. आपलीच शाल तिच्या उशाशी घडी करून ठेवलेली दिसली, ती पांघरली. जाताना पातेलं घासलं. चहाचं पातेलं तसंच ठेवलेलं तिला खपायचं नाही.

"तुझं नाव येईल असं वाटलंच नव्हतं गं ताई. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

हेमांगी त्याच्याकडे बघत राहिली. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, की ती त्याला मोजतेय. हात कापतोय का. डोळे कुठे जातायत. मार्केट यार्डातलं माप. आईने दिलेला पत्ता. पालथी पडलेली म्हणाला, ते आपणहून म्हणाला की ठरवून? लहानपणापासून कडेवर वागवलेला भाऊ, आणि तिला त्याचे टक्के लावावेसे वाटत होते. त्याचीच तिला शिसारी आली. इतक्या दिवसांत तिला जाणवलेली ती पहिली गोष्ट.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "काय करायचं ते तुझं तू ठरव."

कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक पांगले.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी धनू आपल्या पायाने ठाण्यात गेला. हेमांगीला तिथे बोलावणं आलं, तेव्हा तो बाकावर बसला होता आणि मुजावर उभ्याने कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. मुंबईहून छाया बनवणाऱ्यांचा तज्ज्ञ होता पलीकडे. मुजावरांनी त्याला सांगून गणित पुन्हा करायला लावलं होतं. पुसणं, झोपवणं, पाय बांधणं, चहा, शाल, पातेलं, हे सगळं एका माणसाच्या नावावर टाका आणि वजा करा. मग उरतं त्यावरून खुनी कसा ते सांगा.

उरलं काय? मागून एक धक्का किंवा वार. ओढून काढलेल्या बांगड्या. उघडं कपाट. त्यावर छायेने उत्तर दिलं, की कृती पुरेशा नाहीत, स्वभाव सांगता येत नाही. बाईचं वय, तिचा थकवा, तिचा पस्तावा, तिचं ते गुंतागुंतीचं प्रेम, एक रेघ उरली नाही. मारणारा कुणीही असू शकत होता.

यंत्र चुकलं असं तज्ज्ञाला मान्यच नव्हतं. त्याचं म्हणणं, की मयतावर जीव असलेलं, घरच्या सवयी अंगात मुरलेलं, अपराधी वाटणारं कुणीतरी, हे वर्णन शंभर टक्के बरोबर निघालंय. दोन माणसं असतील हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. मुजावरांनी फोन ठेवला.

"मी विचारलं होतं, मारलं कुणी," त्या हेमांगीला म्हणाल्या. "या यंत्राने सांगितलं, चहा कुणी पाजला."

पण कायदा तो कायदा. धनू जागेवर होता, पहिला पाहणाराही तोच, हे आता नोंदलं गेलं होतं, आणि तेवढ्यावरच त्याची जुळणी नव्वदीला टेकली होती. त्या दिवशी ठाण्यात कडं एकच होतं. हेमांगीच्या पायातलं काढून, पुसून, ते त्याच्या पायात घातलं. त्याने चप्पल काढून पाय पुढे केला आणि हेमांगीकडे पाहिलं. घोट्याभोवतीची तिची कातडी पांढरी पडली होती, ती तिने चोळली.

सुनावणीत हेमांगीचं नाव वगळलं गेलं. धनूचा पुढचा महिना कड्यासकट आईच्या घरात गेला, आणि हेमांगी डबा द्यायला पुन्हा त्या घरी जाऊ लागली. दोघं फारसं बोलत नसत. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर जयसिंगपूरला एक माणूस कुणाच्या तरी घरात शिरताना लोकांच्या हाती लागला. त्याने विकलेल्या बांगड्या एका सोनाराकडे निघाल्या आणि आईच्या दारावरचा तो अर्धवट ठसा त्याच्या अंगठ्याचा ठरला. छायेने त्याला कधी चित्राशेजारी उभंच केलं नव्हतं. तो आईच्या आसपासचा नव्हताच. एक म्हातारी आडवी आली, तिला ढकललं, एवढंच त्याला आठवत होतं. ती मेली हे आपल्याला आत्ताच कळतंय, असं तो म्हणाला, आणि ते बहुधा खरं असावं.

मुजावर स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. वाघमोडे काकू पेढे घेऊन आल्या. सानिकाने फोनवर हुंदके देत माफी मागितली. कशाची ते ती म्हणाली नाही आणि हेमांगीने विचारलं नाही. धनू कोल्हापूरला निघून गेला. जाताना शाल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मंगेश उठला तो पातेल्याकडे गेला नाही. पेपर घेऊन टेबलाशी बसला आणि पूर्वीसारखा, अगदी पूर्वीसारखा म्हणाला, "हेमा, चहा टाकतेस?"

तिने चहा टाकला. आलं किसून घातलं, दूध वर येईपर्यंत उभी राहिली, गाळला आणि कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने पेपर बाजूला केला, कप उचलला, ओठांपाशी नेला आणि तिथे थांबला. क्षणभरच. मग फुंकर घातली आणि घोट घेतला. छान झालाय, म्हणाला.

चहा गरम होता म्हणून थांबला असेल. कडक गरम होता, वाफ निघत होती. कुणीही थांबलं असतं. हेमांगी समोर उभी राहून त्याचा कप संपेपर्यंत बघत राहिली.